निळे स्फटिक

ॲना डिमेलो दोह्यातल्या एका इस्पितळात नर्स आहे. त्याच पगारावर तिनं आपल्या लेकीला, रिबेकाला, भूगर्भशास्त्र शिकवलं. रिबेकानं नामिबियातल्या आडबाजूच्या जस्ताच्या खाणीत नोकरी धरली, तेव्हा मात्र ॲना चिडली होती. "मी या वाळवंटात राबले, ते तू दुसऱ्या वाळवंटात जावंस म्हणून?"

यंदा सुट्टीवर दोह्याच्या अल नस्र भागातल्या घरी येताना रिबेकानं आईसाठी एक डबी आणली. आत कापसावर पिवळसर दगड होता. भिंग लावल्यावर त्याच्या भेगेत केसांसारखे निळे स्फटिक दिसले.

"खाणीत सगळे याला तांब्याचा डाग समजायचे," रिबेका म्हणाली. "मला ते पटेना. मी नमुने तपासायला पाठवत राहिले. मम्मी, जस्ताचं हे खनिज याआधी कुणालाच माहीत नव्हतं. आता त्याची अधिकृत नोंद झालीय."

"मग तुझं नाव दिलं का त्याला?"

"शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं गं. आम्ही तिथल्या कोरड्या नदीचं दिलं."

ॲना बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग डबी आणि भिंग पर्समध्ये टाकून म्हणाली, "यल्ला, चल माझ्याबरोबर."

इस्पितळात तिनं नर्सेसना, डॉक्टरांना, अगदी लिफ्टमधल्या अनोळखी बाईलाही थांबवून भिंग हातात दिलं. कुणाला हिंदीत, कुणाला इंग्रजीत ती सांगत होती, "माझ्या मुलीनं शोधलंय हे!" रिबेका लाजून मागे सरकली, की ॲना तिचा हात धरून तिला पुढे ओढायची.