ठकीताईचा बटणांचा मोबाईल

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. साखरशेतच्या ठकीताईने जव्हारच्या दुकानातून मला घेतले, तेव्हापासूनचे मात्र सगळे आठवते.

ठकीताई पूर्वी दारू प्यायची. त्यापायी तिचा लहान मुलगा दोन वर्षे मामाकडे वाढला. दारू सुटली, मुलगा घरी आला आणि एका संस्थेने तिला काम दिले. ज्या घरात लहान मुले आहेत आणि आई किंवा बाप दारू सोडायला धडपडतो आहे, तिथे जाऊन सोबत करायची. "हे मी भोगलंय," असे तिने म्हटले की माणसे बोलू लागत. "ठकीताईचा फोन कधी बंद नसतो," असे लोक कौतुकाने म्हणत. मित्रांनो, त्या कौतुकाची मला धास्ती वाटे. माझी बॅटरी थकत चालली होती.

दाभोसा गावची हर्षाली अशांपैकीच एक. ती रोज सकाळी शेजारच्या गोजाबाईच्या फोनवरून ठकीताईशी बोलायची. तिचा नवरा वीटभट्टीवर, घरात ती आणि दोन वर्षांची राही. हर्षालीला दारू सोडून चाळीस दिवस झाले होते. एक्केचाळिसाव्या सकाळी मी वाजलोच नाही. दहा वाजले. शेवटी ठकीताईनेच गोजाबाईला फोन लावला.

"दार लावलेलं हाय," गोजाबाई म्हणाली. "पोर रडत व्हती. आता आवाज नाय येत."

ठकीताई मिळेल त्या जीपने निघाली. वाटेत रेंज गेली. तिच्या घामेजल्या मुठीत मी मुका पडलो होतो.

दार ढकलले, तर हर्षाली भिंतीला टेकून बसलेली. तोंडाला दारूचा वास. मांडीवर राही तापाने निपचित.

"पहाटेपासून तापली हाय. मी घाबरले नि पेले. दवाखान्यात वास येल, बाय. पोर माझी काढून घेतील."

"मलाबी हेच भ्याव व्हतं. तवा मी पोराला दवाखान्यात नेलंच नाय. तू तसं नको करू. ऊठ, मी संगती येते."

तिने जीपवाल्या पांड्याला फोन लावला. त्याचे "आलो" ऐकू आले आणि मी बंद पडलो. पुढचे मला नंतर कळले. दवाखान्यात नर्सने विचारले, "आई कोण?" हर्षालीने मान वर केली. "मी. मी पेलेली हाय. पण पोरीला बघा." ठकीताईने तिचा हात सोडला नाही.

राही चौथ्या दिवशी घरी आली. हर्षालीने दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

आता ठकीताईकडे मोठा मोबाईल आहे. माझी बॅटरी बदलून तिने मला हर्षालीला दिले. आज सकाळी हर्षालीने मला हातात घेतले, अर्धा नंबर दाबला आणि पुसून टाकला. माझा जीव टांगणीला लागला. मग तिने ठकीताईचा पूर्ण नंबर लावला. "बाय, आज दारूची लई वढ लागलीय. येशील का?"

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी दारूशी झगडत असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. एकटे भिऊ नका, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि मोठ्यांनो, असा फोन लावायला फार बळ लागते. तो वाजला, तर उचला.