सुवर्णसोबतीला अधिभार नाही

सागरसोबत कंपनीच्या बोटीने शामकांतराव तीनदा फिरून आले होते. चौथ्या फेरीला त्यांनी आपल्या सोनई गावातली चौदा माणसं बरोबर न्यायची ठरवली. कुणी त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं. पहिल्या फेरीत लक्षद्वीपच्या वाटेवर त्यांच्या पत्नीला, अंबिकाबाईंना, बोट लागली होती. पोटात पाणी ठरेना. तेव्हा केबिन सांभाळणाऱ्या माणसाने कुठूनशी तांदळाची पेज करवून आणली आणि ती पोटात टिकेपर्यंत तो दाराशी उभा राहिला. तेव्हापासून दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तरी शामकांतरावांना बेइमानी केल्यासारखं वाटे. पेज त्या माणसाने दिली, कंपनीने नाही, असं अंबिकाबाई म्हणत. शामकांतराव ते कानाआड करत.

गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे आणि त्यांच्या शब्दाला मान होता. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. काटा म्हटला की शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच, पण भाऊसाहेबांच्या पाळीत उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की मालक बिनघोर चहाला जायचा. मागायच्या आत पावती समोर धरायची, ही त्यांची सवय. त्यामुळे कंपनी चोख आहे असं त्यांनी सांगितल्यावर वर्षानुवर्षं त्यांच्या काट्यावर ऊस घातलेल्या अजिनाथने दुसरा विचार न करता नवराबायकोची नावं दिली. शेजारच्या राहीबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, समुद्र कधी पाहिलेला नाही, त्यांनीही नाव दिलं. दिवाळीनंतर सगळ्यांनी पूर्ण पैसे भरले.

आणि जानेवारीत कंपनीचा निरोप आला. इंधन महागल्यामुळे माणशी तीन हजार रुपये इंधन अधिभार भरावा. न भरल्यास जागा रद्द होईल, आणि रद्द झाल्यास निम्मे पैसे परत मिळणार नाहीत. खाली लिहिलं होतं, आपल्या सहकार्याबद्दल आभार. कसलं सहकार्य? आधी माणसाचा हात पिरगाळायचा आणि तो कळवळला की आभार मानायचे! विजेच्या बिलात असला आकार येतो तेव्हा निदान आपण वीज जाळून बसलेले असतो. इथे बोट अजून धक्क्यालाच बांधलेली होती.

गावाने कुरकुर केली. पण भाऊसाहेब मध्ये आहेत म्हणून माणसं गप्प बसली. प्रत्येकाचं सुधारलेलं बिल मोबाईलवर आलं. शामकांतरावांना वाटलं, आपल्यालाही तेवढाच भुर्दंड आहे हे लोकांना दिसलेलं बरं. आधी पावती समोर धरायच्या काट्यावरच्या सवयीने त्यांनी स्वतःचं बिल सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तेही नीट न वाचताच.

त्यात अंबिकाबाईंच्या नावापुढे तीन हजार होते. शामकांतरावांच्या नावापुढे लिहिलं होतं, सुवर्णसोबती सदस्य, इंधन अधिभार शून्य. तिसऱ्या फेरीनंतर कंपनीने त्यांना सुवर्णसोबतीचं कार्ड पाठवलं होतं, ते त्यांनी न वाचताच कपाटात टाकलं होतं.

एरवी सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रं पाठवणारा तो ग्रुप दिवसभर मुका झाला. दुसऱ्या दिवशी अजिनाथ घरी आला. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "भाऊसाहेब, तुमाला सूट हाय ते चांगलंच हाय. पर आदी सांगायचं हुतं."

"अरे, मलाच माहीत नव्हतं."

"व्हय," अजिनाथ म्हणाला आणि चपला घालून गेला.

त्या एका 'व्हय'ने शामकांतरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दूध डेअरीवर काय चाललंय ते राहीबाईंनी अंबिकाबाईंच्या कानावर घातलंच. चौदा डोकी गोळा करून दिली, त्याचं कमिशन मिळालं भाऊसाहेबांना, अशी ती बोलणी होती. एकतीस वर्षं काट्यावर बसून जो शब्द कधी ऐकावा लागला नाही, तो या सुवर्ण कार्डापायी निवृत्तीनंतर ऐकावा लागला.

त्यांनी कंपनीला फोन लावला. भार्गवी नावाच्या मुलीने उचलला. फार गोड बोलत होती. शामकांतरावांनी तिला सांगितलं, माझा अधिभार लावा. तिला वाटलं, काढा म्हणताहेत. तुम्हाला तो माफच आहे म्हणाली. माफ नको, लावा, असं त्यांनी तीनदा सांगितल्यावर तिला उमगलं आणि ती बिचारी गोंधळली. सिस्टिममध्ये तशी सोयच नव्हती. मग माझं सदस्यत्व काढून टाका, ते म्हणाले. ते आजीवन असतं, ती म्हणाली.

"सर, तुम्ही आमच्या कुटुंबातले आहात."

"कुटुंबात एकाच्या ताटात तूप वाढायचं आणि बाकीच्यांच्या ताटातली भाकरी उचलायची, अशी रीत असते का बाई?"

आणखी काही मदत करू का, तिने विचारलं. शामकांतरावांनी फोन ठेवला. त्या पोरीचा काही दोष नव्हता, म्हणून तर त्यांना जास्तच चीड आली. ज्यांचा दोष होता ते कधीच फोन उचलणार नव्हते.

मग त्यांनी एक उपाय काढला आणि तो अंगाशी आला. माफ झालेले तीन हजार सगळ्यांत वाटून टाकायचे, म्हणून ते पाकीट घेऊन अजिनाथकडे गेले. अजिनाथने हात मागे घेतला. "न्हाई भाऊसाहेब. आमी घेतलं तर तुमी खाल्लं हुतं असंच हुईल. ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. खरंच होतं ते. पैसे ठेवले तरी चोर आणि वाटले तरी चोर.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, मी येत नाही. निम्मे पैसे बुडाले तर बुडू देत, पण भाऊसाहेबांनी या प्रकरणात काही कमावलं नाही हे गावाला तरी कळेल. अंबिकाबाईंनी नुकत्याच नव्या सपाता आणल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही खुशाल राहा. त्यांच्या एका ओळीपायी मी घरी बसणार नाही. राहीबाईंना मी समुद्र दाखवणार आहे." शामकांतरावांना मनातून बरंच वाटलं.

त्यांनी स्वतःची जागा रद्द केली आणि तसं ग्रुपवर कळवलं. पाच-सहा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला. सुवर्णसोबती सदस्यांना रद्द करण्याचा आकार लागत नाही, तुमची पूर्ण रक्कम बँकेत जमा केली आहे, तुमची उणीव जाणवेल.

शामकांतरावांनी तो निरोप अंबिकाबाईंना वाचून दाखवला. काय माणसं आहेत ही! धड नुकसानसुद्धा होऊ देत नाहीत. अंबिकाबाई म्हणाल्या, सगळ्यांना दाखवून टाका, मागून कळलं तर जास्त वाईट दिसेल. त्यांनाही ते पटलं. निघायच्या दिवशी गाडीपाशी सगळे जमतील तेव्हा दाखवू, असं त्यांनी ठरवलं.

त्या सकाळी ट्रॅव्हल्सची गाडी पेठेत उभी राहिली. पिशव्या चढल्या. राहीबाई खिडकीशी बसल्या, शेजारी अंबिकाबाई. शामकांतरावांनी मोबाईल बाहेर काढला आणि ते अजिनाथकडे वळले. पण अजिनाथच आधी पुढे झाला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"भाऊसाहेब, आमच्या बोलन्यापायी तुमचं निम्मं पैसं बुडालं का हो?"

चौदा जण ऐकत होते. मोबाईल त्यांच्या हातात होता, निरोप उघडलेला होता. तो दाखवला की पुन्हा ते शून्य, पुन्हा तो 'व्हय', आणि जन्मभर डेअरीवरची ती बोलणी.

"बुडाले," शामकांतराव म्हणाले.

अंबिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मान फिरवली. अजिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचं चुकलं म्हणत सगळ्यांच्या देखत तो वाकला आणि शामकांतरावांच्या पायांना हात लावला. त्याला अडवायला शामकांतरावांचा हात पुढे झाला नाही.