गोड्या पाण्यातला उपाशी

परवा माझ्या नातीने पुस्तकातलं माशाचं चित्र दाखवलं आणि म्हणाली, याला सिक्लिड म्हणतात. आम्ही त्याला चट्टेवाला म्हणायचो. बेचाळीस साली मी अकोल्याजवळ नवी सून होते, तेव्हा माझा भाऊ देवीदास त्याला कोचीनहून पितळी डब्यात घेऊन आला होता. दोन पेरांएवढं पिल्लू. दादा पलटणीत होता. बोटीवर चढण्याआधी सुट्टी मिळाली, त्यातला एक दिवस त्याने मला दिला.

"समुद्राजवळच्या नदीत धरला," जाताना तो म्हणाला. "तुयासाठीच आनला. सांभाळ, शालू."

माझ्या यजमानांनी, केशवरावांनी, पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून पेटी करून घेतली. तळाला रेती, एक दगड. पाणी मात्र मी सगळ्यांत चांगलं घातलं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अंगणातल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. गोडं पाणी कोसभरावरून डोक्यावर आणायचं, रोज दोन हंडे. पाहुण्यापुढे आधी त्या पाण्याचा तांब्या ठेवायचा, ही रीत. दादाचा मासा पाहुणाच की! मी तिसरा हंडा आणू लागले.

मासा दगडामागे गेला तो तिथेच बसला. कणकेची गोळी टाकली, बघितलीही नाही. भाताचं शीत टाकलं, ते फुगून तळाशी पडलं. गुरांच्या पाण्याच्या डोणीतले डासांचे वळवळे गाळून आणले. एक तर त्याच्या तोंडावरून गेला. त्याने तोंड फिरवलं. अंगावरचे चट्टे काळवंडले, पोट आत गेलं. मी रोज पाणी बदलायची. जितका तो सुकायचा, तितकं मी जास्त गोडं पाणी ओतायची.

दादाचं पत्र नव्हतं. कोणाला सांगितलं नाही, पण मी मनाशी धरून बसले होते, की हा जेवला तर तिकडे दादा सुखरूप आहे.

सहाव्या दिवशी सासूबाई पार्बताबाई पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वो, डाळीले पानी नाई आन् माश्याले हंडाभर?"

"आत्याबाई, तो काही खातच नाही."

"मंग सोमवारी नेऊन मोर्णेत सोड. खाईन नाई तर मरन."

मोर्णा नदीच्या डोहात मनगटाएवढे मरळ होते. ते आधी याला खातील, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तो शनिवार होता.

रविवारी सकाळी मासा एका कुशीवर कलला. कल्ले भराभर हलत होते. मी हंडा उचलला, तशी सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "ठेव तो खाली. तुया गोड्या पान्याचंच नवल नको सांगू. मी दर्यापूरकडची, तिकडंबी असंच खारं पानी. अमरावतीले लग्नाले गेली होती, दोन दिवस तहानच भागे ना. फिक्कं पानी! घरी येऊन आपल्या विहिरीचं प्याली, तवा जीव थाऱ्यावर आला."

हंडा माझ्या हातातच राहिला. यजमान ओसरीवर दाढी करत होते. मी तिथूनच विचारलं, "अहो, समुद्राजवळच्या नदीचं पाणी कसं असते?"

"भरतीच्या वक्ती समुद्र आत शिरते ना," ते आरशातून म्हणाले. "खारट. काहून?"

मी नदी म्हणजे गोडं पाणी एवढंच धरून बसले होते.

विहिरीचं पाणी काढलं, पण ओतायला हात धजेना. एकदम बदललं आणि तो गेला तर? एक तांब्या गोडं काढायचं, एक तांब्या खारं सोडायचं, मग थांबायचं. दुसऱ्या तांब्याला तो थरथरला. "मारते का त्याले?" सासूबाई म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. चौथ्याला तो सरळ झाला. दुपारपर्यंत निम्मं पाणी खारं झालं होतं.

यजमान जेवायला बसले, मी तव्यावर भाकर टाकली. एवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, "पोरी, ये वो!"

मासा दगडाबाहेर होता. सासूबाईंनी स्वतःच डोणीतून वाटीभर वळवळे आणून टाकले होते. एक त्याच्यासमोर खालीवर करत होता. त्याने तो तोंडात घेतला आणि थुंकला. त्याने पुन्हा घेतला. गाल हलले. मग तो दुसऱ्यावर झडपला, तिसऱ्यावर झडपला.

"अवं, भाकर जळून राहिली!" आतून यजमान ओरडले.

"जळू दे," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, जरा हळू, "भावाले पत्र धाड. लेकरू जेवलं म्हनावं."

दादाची पलटण कुठे होती, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्या दुपारी मी पत्र लिहायला बसले.