उबवणीला बसलेलं जहाज

मे महिना लागला की गुडलाउग आजींच्या बेटावर शिंकायलाही बंदी. समुद्री बदकं अंड्यांवर बसायची. आजींनी त्यांना दगडांची घरकुलं बांधून दिली होती आणि चाळीस वर्षं एकाच राखाडी कोटात त्या त्यांच्यामधून फिरत होत्या. नवा कपडा दिसला तरी बदकं बिचकत. आणि एकदा बिचकून उठलेलं बदक पुन्हा त्या बेटाला तोंड दाखवत नाही. शेजारची सगळी बेटं अशीच ओस पडलेली. नॉर्वेच्या त्या उत्तर टोकाला आता एवढीच काय ती बदकं उरली होती.

नेमकं तेव्हाच बर्फाच्या लाद्या चुकवता चुकवता तेलाचं एक अगडबंब जहाज आजींच्या खडकावर चढलं आणि भोंगा वाजवू लागलं.

आजी तरातरा होडी वल्हवत गेल्या. "मेल्या, ते बोंबलणं बंद कर आधी!"

"आजी, जहाज फुटलंय!" कप्तान सेव्हेरिन वरून ओरडला.

"फुटू दे. पण हळू फुटू दे."

त्यानंतर सगळा कारभार कुजबुजीत. बावीस खलाशी नुसत्या मोज्यांवर चालू लागले.

पण पाण्याच्या हातभर वर पडलेल्या भेगेतून तेल ठिबकू लागलं, तशी आजींनी होडी घराकडे वळवली. पिसांना तेल लागलं की बदक गारठून मरतं. त्यांनी घरट्यांतून गोळा करून माळ्यावर साठवलेली मऊ पिसं काढली, अकरा पोती, आणि भेगेत ठासली. ठिबक थांबली. शिवाय पिसांमुळे जहाजाला अशी ऊब चढली की भोवतालचा बर्फ वितळला आणि भरतीला ते अलगद तरंगलं.

"येतो आजी," सेव्हेरिन हळूच म्हणाला.

"कुठे निघालास? भेगेत बघ."

भेगेतल्या पिसांवर एक बदक ऐटीत बसलं होतं. खाली पाच अंडी.

"किती दिवस?"

"सव्वीस."

ऑस्लोहून जहाज कंपनीच्या साहेबाचा सेव्हेरिनला फोन आला. "जहाज का हलत नाही?"

"अंड्यांवर बसलंय."

"कोण?"

"हळू बोला ना, साहेब."

सेव्हेरिन आजींच्या दिवंगत नवऱ्याचा तसाच राखाडी कोट घालून सव्वीस दिवस अंडी पळवणारे समुद्रपक्षी हाकलत राहिला. सत्ताविसाव्या दिवशी पाच पिल्लं टुणटुण पाण्यात उतरली, मग जहाज गेलं.

पुढल्या मे महिन्यात एकूण एक बदक परतलं. आजी मोजत किनाऱ्यावर आल्या, तर त्याच खडकावर तेच जहाज चढून बसलेलं. भोंगा नाही, आवाज नाही. कठड्याशी राखाडी कोटातला सेव्हेरिन.

"आजी," तो कुजबुजला, "आमची जागा कुणाला दिली नाही ना?"