नोटिशीतली सातवी ओळ

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मी अक्षरं शिकायला लागलो. लग्नाच्या नोंदणीला सहीच्या जागी मी अंगठा लावला, तेव्हा व्याही खिडकीबाहेर बघत राहिले. फार सभ्य माणूस. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. अंगठ्याची शाई दोन दिवसांत गेली, ते बघणं काही जाईना. महिनाभरात मी वर्गात नाव घातलं. वय अठ्ठावन्न.

वर्ग शाळेच्याच इमारतीत चार ते सहा भरायचा. माझी पाळी तीनला सुटायची. शाळा अर्ध्यावर सोडलेली पोरं, एक इस्त्रीवाली, एक निवृत्त पहारेकरी आणि मी. बाकं लहान मुलांची, त्यामुळे गुडघे हनुवटीला लावून बसावं लागे. सहा महिन्यांत मी जोडाक्षरांवर अडखळत का होईना, वाचू लागलो. मग बाईंनी नवा पाठ काढला. उतारा वाचायचा, कागद पालथा घालायचा आणि उभं राहून तो आपल्या शब्दांत सांगायचा. शेजारच्याने कागद हातात धरून ऐकायचं आणि शेवटी तीन गोष्टी सांगायच्या. काय सुटलं, काय वाढवलं, काय वळवलं.

"शब्द तुमचे, गोष्ट त्याची," बाई म्हणायच्या. "दुसऱ्याचं सामान घरात सांभाळायला आलंय असं समजा. इकडचं तिकडे ठेवा, पण विकू नका."

माझी शेजारीण नऊ वर्षांची होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. चिमणी कसली, तपासनीसच. एकदा उतारा आला, कडाक्याच्या थंडीत एक वाटसरू गावात येतो आणि दारं ठोठावतो. मी सांगून बसलो.

"आजोबा, दार उघडलंच नाही. तुम्ही त्याला आत घेतलंत."

"अशा थंडीत दार कोण उघडणार नाही?"

"हे लोक," तिने कागदावर बोट ठेवलं. "तो बाहेरच राहिला."

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "आजोबा, तुम्ही उतारा सुधारता," त्या म्हणाल्या. "सुधारायला कुणी सांगितलं नाहीये. ही खोड मोडा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, खोड कसली, माणुसकी आहे.

मी चामडं कमावायच्या कारखान्यात होतो. कातडी धुतलेलं पाणी एका बंद टाकीत जातं, तळाशी गाळ साचतो आणि तो माणसाने उतरून काढावा लागतो. आमची सहा जणांची टोळी हे काम करायची. मी सगळ्यात जुना, म्हणून टोळीचा दादा. माझा सख्खा धाकटा भाऊ टोळीतच होता. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून त्याला मीच अंगाखांद्यावर वाढवलेला. टाकीत उतरताना आमची एक रीत होती. उतरणारा शिडीवर पाय ठेवून विचारायचा, "मागे कोण?" वरचा म्हणायचा, "मी आहे." हे झाल्याशिवाय कुणी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवत नसे. ज्याने "मी आहे" म्हटलं तो माणूस हलायचा नाही, मग घरून सांगावा येवो की साहेब येवो.

एका सोमवारी सुपरवायझरने टाकीच्या भिंतीवर नोटीस चिकटवली. "तुम्ही शाळेत जाता ना? मग सांगा यांना समजावून, आणि खाली सगळ्यांच्या निशाण्या घ्या."

नोटिशीत सात ओळी होत्या. मी दोनदा वाचली, भिंतीकडे पाठ केली आणि सांगायला लागलो. झाकण उघडून एक तास थांबायचं. तेवढा वेळ पंखा चालू. दिवा लागणाऱ्या यंत्राने आतली हवा तपासायची. कमरेला दोरी. तोंड धुवायला बाहेर पाणी. आणि वास यायचा बंद झाला म्हणजे हवा साफ झाली असं धरायचं नाही, कारण गाळातला विषारी वायू आधी नाकच मारतो. सहा ओळी मी अशा सांगितल्या की चिमणीलाही बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

सातवी अशी होती: आतील मनुष्य बेशुद्ध पडल्यास बाहेरील कोणीही, कोणत्याही कारणास्तव, आत उतरू नये, भोंगा वाजवून बचाव पथकाची वाट पाहावी.

मी थांबलो. धाकटा माझ्या तोंडाकडे बघत होता. वीस वर्षं एकमेकांना "मी आहे" म्हणत आलेल्या माणसांना मी काय सांगू? खाली माणूस मरत असताना वर उभे राहा? कारखान्याला माणसाची काय पडली आहे, असं मला वाटलं. मी म्हणालो, "आणि कुणी आत पडलाच, तर भोंगा वाजवा आणि एकमेकांना सांभाळा."

"म्हणजे नेहमीचंच," धाकटा म्हणाला.

"एवढ्यासाठी चांगला कागद वाया घालवला," लंबू म्हणाला. लंबू आमच्यातला सगळ्यात उंच, सगळ्यात बडबड्या.

पाच अंगठे लागले. सहावी माझी सही. आयुष्यातली पहिली सही मी त्या कागदावर केली. ओळ जरा वर चढली, पण नाव पूर्ण आलं. धाकट्याने ती सगळ्यांना बोलावून दाखवली.

नंतरच्या गुरुवारी मी पंपाकडे नळी जोडत होतो. तिकडे लंबूने शिडीवर पाय ठेवला. मागे कोण? मी आहे, धाकटा म्हणाला. लंबू खाली गेला आणि थोड्याच वेळात मधेच पंख्याचा पट्टा तुटला. लंबू कोसळला. त्याची दोरी शिडीच्या पायात अडकली, दोघातिघांनी ओढूनही सुटेना. धाकट्याने भोंगा वाजवला. मी सांगितलं होतं तसंच, आधी भोंगा. मग तो आत उतरला.

भोंगा ऐकून मी धावत आलो. खाली दोघंही पडलेले दिसत होते. धाकट्याचा हात लंबूच्या दोरीवर होता. तिघं जण माझ्याकडे बघत होते, मी काय सांगतो म्हणून.

मी उतरलो नाही. कुणाला उतरू दिलं नाही. सातवी ओळ तिथे मला एकट्यालाच ठाऊक होती.

पथक अकरा मिनिटांनी मुखवटे लावून आलं. लंबू पाइपाच्या तोंडाशी पडला होता, तिथे थोडी हवा लागली. तो वाचला.

चौकशीला साहेब आले. "सूचना समजावून सांगितल्या होत्या?" मी हो म्हणालो. सही माझीच होती. त्यांनी लिहिलं की सूचना माहीत असूनही मृत कामगार स्वतःच्या मर्जीने टाकीत उतरला. गावभर तेच झालं. माहीत असून गेला म्हणे, नको तिथे शहाणपणा. भावजयीच्या कानावर गेलं.  पंधरा दिवसांनी एकदा ताटं मांडता मांडता म्हणाली, "दादा, उतरायचं नाही हे माहीत होतं त्यांना. तरी गेले. दोन पोरी आहेत, मी आहे, एकदाही मनात आलं नसेल?"

मी न जेवताच उठलो. 

दुसऱ्या दिवशी मी नोटिशीची नक्कल वर्गात नेली. चिमणीच्या हातात दिली, उभा राहिलो आणि त्या सोमवारी सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. एक शब्द बदलला नाही. ती बोट फिरवत ऐकत होती.

"सहा ओळी बरोबर," ती म्हणाली. "सातवीतलं 'उतरू नये' सुटलं. 'एकमेकांना सांभाळा' वाढवलंत, ते इथे कुठेच नाही." मग पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आणि वळवलंत पण, आजोबा. या उताऱ्यात सांभाळायचं नव्हतं."

बाईंनी तिच्या हातून कागद घेतला. वाचला. त्यांना माझ्या भावाचं ठाऊक होतं. "बसा, आजोबा," त्या हळूच म्हणाल्या. मी बसलो नाही. तसाच भावजयीकडे गेलो.

ती कपडे वाळत घालत होती. मी तिथेच, दोरीच्या या बाजूला उभा राहून सातही ओळी सांगितल्या. मग मी त्या दिवशी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. काही सुटू दिलं नाही, काही वाढवलं नाही.

"म्हणजे त्यांना माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिने हातातला सदरा पिळला. पिळण्यासारखं पाणी त्यात राहिलं नव्हतं. मग म्हणाली, "आता तुम्ही जा, दादा. पोरी यायच्या आत जा."

मी साहेबांकडे जाऊन जबाब बदलून दिला आणि खाली सही केली. ही ओळ सरळ आली. त्यानंतर भावजय माझ्याशी बोललेली नाही. मी वर्गात जातो, पण उभं राहून उतारा सांगत नाही. कागद धरून बसतो आणि दुसऱ्याचं काय सुटलं तेवढं सांगतो.

माझा धाकटा भाऊ, वय एक्केचाळीस, त्या गुरुवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास टाकीत वारला. माझ्या मुलीच्या लग्नाला तेव्हा अकरा महिने झाले होते.