टेबल हलणार नाही

आमच्या घरात माझ्या कॉम्प्युटरला "तुझं ते खेळणं" म्हणतात. म्हणणारे सगळे त्याच खेळण्यावर लाइटबिल भरतात आणि नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो बघतात, पण ते असो. तो मी स्वतः जोडला आहे. एकेक भाग निवडून आणला, एकेक स्क्रू आवळला आणि सगळ्यात शेवटी त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलं. त्या कार्डामुळेच पडद्यावरचा रस्ता खरा वाटतो आणि वळणावर अंग आपोआप कलतं. मी शाळेत गणित शिकवते आणि घरी आल्यावर मोटारींच्या शर्यती खेळते. बाई गेम खेळतात याचं शाळेत कुणाला काही वाटत नाही. घरी वाटतं.

त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच भर शर्यतीत पडदा काळा झाला. इंजिनाचा आवाज चालूच होता, म्हणजे गाडी पळत होती, फक्त मला दिसत नव्हती. पडदा परत उजळला तेव्हा गाडी कठड्यात घुसलेली आणि खाली एक संदेश, की डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, आता सावरला आहे. त्याला सावरायला वेळ होता, मला नव्हता. पुढच्या फेरीत पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या फेरीत पडदाभर हिरव्या-जांभळ्या रेघा आल्या आणि गेम आपोआप बंद झाला.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. दोघंही आपापल्या जागी शहाणी असतात, पण दुभाष्याच काहीबाही सांगायला लागला तर काम ठप्प होतं. विंडोजने मला न विचारता नवा ड्रायव्हर घातला होता आणि माझ्या जरा जुन्या कार्डाचं त्याच्याशी पटत नव्हतं. उपाय सोपा होता. नवा ड्रायव्हर मुळासकट काढायचा आणि जुना घालायचा.

हे मी रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर सहज बोलले आणि तिथेच फसले, कारण समोर धाकटे भाऊजी बसले होते. माझे दीर एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत आणि अलीकडे बरेच दिवस घरून काम करतात. बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या जागेवर त्यांचा कधीपासून डोळा होता. उजेड चांगला आणि मीटिंगमध्ये मागे कोरी भिंत दिसते. त्या जागेवर माझं टेबल आहे.

"ड्रायव्हर कसला, कार्ड गेलं असणार, वहिनी," ते म्हणाले. "रेघा आल्या की संपलं समजायचं. ठेवून द्या माळ्यावर. तेवढी जागाही मोकळी होईल."

"कार्ड चांगलं आहे."

"मग चालत का नाही?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू." माझा नवरा चांगला माणूस आहे, पण "बघू" या शब्दावर त्याने निम्मा संसार काढला आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रविवारी संध्याकाळपर्यंत चालू करून दाखवते," मी म्हणाले. "नाही झाला तर तुम्हीच उचलून माळ्यावर टाका आणि टेबलही घ्या."

"ठरलं," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी पुढची पोळी घेतली. म्हणजे आता प्रश्न कार्डाचा राहिला नव्हता. जागाच पणाला लागली होती, आणि ती मीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या कामाला लागले. ही कामं करायची एक रीत आहे. आधी इंटरनेटची वायर काढायची, कारण कॉम्प्युटर चालू होताना त्याला ड्रायव्हर नाही असं दिसलं, की विंडोज धावत जाऊन स्वतःच्या मनाने नवा आणते. तिला "नको" म्हणण्याची एक सेटिंग आहे, पण नको म्हटलेलं तिला कळत नाही. मग सेफ मोडमध्ये जायचं, म्हणजे कॉम्प्युटर अगदी आवश्यक तेवढ्यावर सुरू करायचा. तिथे ड्रायव्हर काढून टाकायचा. मग नेहमीसारखा सुरू करायचा, जुना ड्रायव्हर घालायचा आणि सगळं मार्गी लागल्यावरच वायर परत जोडायची.

मी वायर काढली, ड्रायव्हर काढायला लावला आणि तेवढ्यात चहा टाकून आले. परत आले, जुना घालायला घेतला, तर म्हणे नवा आधीच बसलेला आहे. मला वाटलं नीट निघाला नसेल. दामटून जुनाच घातला. पहिल्याच वळणावर पडदा काळा.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच केलं. वायर जोडलेली सापडली, पण कुणीतरी लाइटबिल भरायला लावली असेल असं मी धरून चालले. या खेपेला मधे कपडे वाळत घालून आले. पुन्हा नवा ड्रायव्हर हजर. त्यानंतर पेपर तपासून आले, भाजी निवडून आले, आणि दर वेळी ही सोडचिठ्ठी दिलेली सवत घरात येऊन बसलेली. मी विंडोजला शिव्या घातल्या, कार्ड बनवणाऱ्यांना घातल्या, मनातल्या मनात भाऊजींनाही घातल्या. ते जाता-येता टेबलाच्या कडेला हात लावून बघायचे. घर घेणारा माणूस भिंत ठोकून बघतो तसं.

शनिवारी शाळा लवकर सुटली. वायर काढली, ड्रायव्हर काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला लावला, आणि हात रिकामे नकोत म्हणून फडकं घेऊन टेबलाखाली शिरले. मागच्या वायरींवर धूळ बसली होती. मी तिथे मांडी घालून बसलेली असताना बाहेरून चपलांचा आवाज आला, कुणीतरी "अरे अरे अरे" म्हणालं आणि टेबलामागून एक सुरकुतलेला हात खाली आला. हाताने लोंबकळणारी वायर अलगद उचलली, तिचं टोक फुंकरलं आणि खटकन जागेवर बसवलं.

"आप्पा," मी म्हणाले.

हात दचकून मागे गेला. मग माझे सासरे ओणवे झाले आणि खाली बघू लागले. "सूनबाई, तू इथे काय करतेस?"

"तुम्ही काय करताय?"

"वायर सुटली होती. या आठवड्यात रोज सुटतेय. तो खटका सैल झालाय की काय, बघायला हवं. मी लावतोय आपला रोज."

आप्पांनी सगळी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर काढली. लाइनमन होते. सुटलेली वायर दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. लोकांच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी प्लग दाबून येतात. मी जगाला दोष देत बसले आणि काम चालू असताना टेबलाच्या मागे एकदाही वाकून पाहिलं नाही. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडले.

"मी काढत होते ती. मुद्दाम. तुम्ही लावलीत की विंडोज नवा ड्रायव्हर आणते आणि माझी सगळी मेहनत पाण्यात जाते. उद्या संध्याकाळी माझं टेबल जाणार आहे, आप्पा."

त्यांचा चेहरा पडला. पण आप्पा सहजी ऐकून घेणाऱ्यातले नाहीत. "मुद्दाम काढली तर सांगायला नको? आमच्यात लाइन बंद केली की खाली पाटी अडकवायची. माणूस कामावर आहे, हात लावू नये. पाटी न लावता वर चढलेला माणूस मी माझ्या हाताखाली ठेवला नसता."

"हे घर आहे."

"माणसं घरातच जास्त हात लावतात."

आप्पा उठून गेले आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आले. त्यावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, "काम चालू आहे. हात लावू नये." स्वतः लावलेली वायर स्वतः काढली, पाटी दोऱ्याने तिला बांधली आणि खुर्ची ओढून शेजारी पहारा दिल्यासारखे बसले. मी सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी चहालाही उठले नाही. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा पडद्यावरची अक्षरं ढब्बी आणि ओबडधोबड दिसत होती. कार्डाला कुठलाच ड्रायव्हर नसला की असंच दिसतं. इतकं कुरूप दृश्य मला कधी इतकं आवडलं नव्हतं. जुना ड्रायव्हर मुकाट्याने बसला. मी विंडोजचे सगळेच अपडेट काही आठवडे थोपवून ठेवले, आप्पांकडून वायर लावून घेतली आणि रस्ता उघडला.

वळण आलं आणि गेलं. बोगदा आला, पावसातला पूल आला, एकदाही पडदा मिटला नाही. आप्पा श्वास रोखून बघत होते आणि प्रत्येक वळणाला तेही खुर्चीत कलत होते.

"झालं ना?" ते खूश होऊन म्हणाले. "आता उद्या धाकट्याला दाखव. गप्प बसेल."

मलाही आनंद झाला होता. पण रात्री भांडी लावताना तो आनंद उतरायला लागला. दाखवायचं म्हणजे काय? पोरांच्या परीक्षा मी घेते. निकालाच्या दिवशी ती कशी उभी असतात, ते मला माहीत आहे. हा आठवडाभर मी तशीच उभी होते. गॅलरीत भाऊजींची व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर ओले टॉवेल सोडून कुणी बसलेलं नाही. नवऱ्याचा हार्मोनियम कपाटावर आहे, त्याचा भाता फाटून युगं झाली. त्यांना कुणी रविवारपर्यंतची मुदत दिली नाही. चालून दाखव, नाहीतर जागा सोड, हे फक्त माझ्या वस्तूला लागू होतं, आणि मीच ते मान्य करून बसले होते. माझा मलाच राग आला.

रविवारी संध्याकाळी भाऊजी मापाची टेप घेऊनच आले. नवरा पेपर वाचत होता. आप्पा आधीपासून येऊन बसले होते, नाटकाला येतात तसे. पडदा मी बंद ठेवला होता.

"काय वहिनी, चालला?"

आप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं.

"ते मी सांगणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे नाही चालला."

"तसं समजा हवं तर. टेबल हलणार नाही."

भाऊजी हसले. "आपलं ठरलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. रागात म्हणाले, आणि तो शब्द मी परत घेतेय. तुमची सायकल चालते का, असं मी कधी विचारलं? याचा हार्मोनियम वाजतो का? उद्या हे कार्ड जळून कोळसा झालं ना, तरी कॉम्प्युटर इथेच राहील आणि मी त्याच्यासमोर बसेन. या घरात मी बसते ती एवढीच एक जागा आहे, भाऊजी. बाकी सगळ्या घरात मी उभी असते."

हे शेवटचं मी ठरवून आणलं नव्हतं. बोलून गेल्यावर मलाच ते नवीन वाटलं. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. त्याच्या ओठांवर "बघू" येताना मला स्पष्ट दिसलं, आणि ते तिथेच थांबलेलंही दिसलं.

"आमच्या खोलीत माप घे," तो भावाला म्हणाला. "कपाटाशेजारी माझी आरामखुर्ची आहे ना, ती काढू. तिथेही उजेड येतो."

"आणि तू कुठे बसशील, दादा?"

"बसेन कुठेतरी. उभाही राहीन."

मी त्याचे आभार मानले नाहीत. मी खुर्ची पुढे ओढली, बसले आणि पडदा चालू केला. हंगामातली शेवटची शर्यत सुरू व्हायची होती, आणि शर्यतीतली माझी ऑनलाइन जोडीदार, जी कुठल्यातरी दुसऱ्या गावात दवाखान्यात लोकांचे दात काढते, केव्हाची माझी वाट बघत होती. रस्ता उजळला. मी आवाज वाढवला.

भाऊजी टेप हातात घेऊन अजून माझ्या मागेच उभे होते. "वहिनी, हा तर चालतोय," ते म्हणाले. "मग सांगायचं ना तसं."

"जरा बाजूला व्हा," मी म्हणाले. "पडद्यावर तुमची सावली पडतेय."