मनगटातली फट

फाउस्तो दवाखान्यात आला की आधी मी त्याच्या मागे कोण आहे ते बघते. हा माणूस सान पेद्रोच्या गल्ल्यांमधून जोरात चेंडू टाकणारी पोरं हुडकतो, त्यांना आपल्या घरी ठेवून तयार करतो आणि परदेशी बेसबॉल संघानं पोराला घेतलं की आपला वाटा उचलतो. इथे हाडांची डॉक्टरकी करता करता मी म्हातारी होत आले, पण त्याच्या तोंडून एक खरं वय ऐकल्याचं आठवत नाही.

"डॉक्टरीणबाई, हा लिसांद्रो. सोळा वर्षांचा," तो म्हणाला. "संघवाल्यांना मनगटाचा एक्स-रे हवाय. आणि कोपराचाही काढा, जरा कुरकुरतंय."

पोरगा दारातून वाकून आत आला. त्याच्या मागून त्याची आई, ओदालिस. मैदानाच्या फाटकाशी यानिकेके, म्हणजे मैद्याच्या मोठ्या पुऱ्या, तळून विकते ती. मीही खाल्लेत तिच्या हातचे. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, आज गप्प उभी होती. खुर्ची दिली तरी बसेना.

"सोळा?" मी म्हटलं. "मागे असाच एक सोळाचा आणला होतास. त्याची दोन लेकरं बाहेर बाकावर खेळत होती."

"तो वेगळा हो. हा देवाशप्पथ सोळा!"

"देवाला मध्ये घालू नकोस. त्यालाही वाटा कबूल केला असशील."

मी पोराची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. गाल गुळगुळीत. सकाळीच दाढी घोटून आणलेला दिसतोय, मी मनात म्हटलं, आणि त्याला आत पाठवलं.

वाढत्या मुलाच्या लांब हाडांना टोकाजवळ कूर्चेची पट्टी असते. तिथे नवं हाड तयार होतं आणि माणूस उंच होतो. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं, कूर्चा दिसत नाही, म्हणून त्या जागी काळी फट दिसते. वाढ संपत आली की फट बुजत जाते. फाउस्तोच्या पोरांच्या फटी बहुतेक वेळा बुजलेल्याच निघतात.

या पोराची फट चांगली ऐसपैस उघडी होती. अंगठ्याच्या मुळाशी जे बारकं हाड तेराव्या वर्षाच्या आसपास दिसू लागतं, ते नुकतं कुठे दाण्याएवढं उमटलं होतं.

मी मशीनवाल्याला हाक मारली. "रामिरो, कुणाचा हात ठेवलास रे खाली?"

"त्याचाच, बाई!"

"फाउस्तोनं काय चारलं तुला?"

रामिरोचा चेहरा पडला. पण माझ्या डोळ्यांत आजवर एवढी धूळ फेकली गेलीय की माझा कुणावरच विश्वास उरलेला नाही. पोराचं मनगट मी स्वतः मशीनखाली ठेवलं आणि दुसरा एक्स-रे काढला. फट तेवढीच.

उशिरा वाढणारी मुलं असतात, सोळाव्या वर्षीही त्यांची हाडं तेराची दिसतात. पण ती वर्गात सगळ्यांत बुटकी असतात. हा तर ताडमाड. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते मला कळेना. इथे लोक वय चोरतात ते कमी सांगण्यासाठी, कोवळ्या पोराला संघ जास्त पैसे मोजतात. वाढवून कोण सांगेल?

मग कोपर बघितलं. आतल्या बाजूच्या उंचवट्याला चेंडू फेकणारे स्नायू चिकटलेले असतात. त्या उंचवट्याखालीही अशीच कूर्चा असते. उजवीकडची फट डावीपेक्षा कितीतरी रुंद होती. स्नायू ओढून ओढून तो तुकडा जागचा हलवत होते.

"दुखतं?"

पोरानं आधी फाउस्तोकडे बघितलं. "टाकताना."

मी दार लावून घेतलं. "ओदालिस, हा सोळाचा नाही."

फाउस्तोनं लगेच काखा वर केल्या. "मला यातलं काही माहीत नाही हं! किती, अठरा? एकोणीस?"

"तेरा."

तो खो खो हसला. पोरगाही हसला. ओदालिस तेवढी हसली नाही, आणि तिला आश्चर्यही वाटलेलं दिसेना.

"कागदावर सोळा आहेत," ती म्हणाली. "तुम्ही सोळाच लिहा."

"लिहिते. मग हा मोठ्यांच्या बरोबरीनं रोज टाकेल आणि हा तुकडा एक दिवस उपटून निघेल. आता हात थांबवला तर हाड भरून येईल, अजून वाढतंय ते. बोल, काय लिहू?"

ती पोराच्या कोपराकडे बघत राहिली. मग खाली बघून बोलायला लागली. "थोरल्याचा बाप होता तेव्हा थोरल्याची नोंद झाली. हा पोटात असताना बाप निघून गेला. माझ्याकडे माझेच कागद नव्हते, याची नोंद कुठून करू? थोरला तापात गेला तेव्हा हा महिन्याचा होता. गेल्याचं मी कुठे कळवलं नाही. कागद होते, ते याला दिले."

"कोण थोरला?" पोरानं विचारलं.

"लिसांद्रो," ओदालिस म्हणाली.

मला रडूच आलं, आणि रडू आलं की मी चिडते. फाउस्तोचा चेहरा मात्र उजळला होता. "तेरा! आणि हा एवढा टाकतो? अहो, अजून वाढणार हा! बाई, तीन वर्षं थांबू, खरा सोळाचा झाला की मग—"

"बाहेर हो!" मी ओरडले. तो दाराबाहेर गेला. खिडकीशी कान लावून उभा असणार याची मला खात्री होती, म्हणून तीही लावली.

पोरगा हाताचा एक्स-रे घेऊन बसला होता. "म्हणून शाळेत मी मठ्ठ ठरलो? सगळे माझ्याहून मोठे होते?"

"हो रे," ओदालिस म्हणाली, आणि अखेर खाली बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेरा लिहा, बाई. थोरला गेला म्हणून लिहा."

मी लिहिलं. पण पोराची नजर आईवरून हलेना. आता तिच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवावा, हे तो चाचपत होता.

"ते नाव त्याचं," तो म्हणाला. "मग माझं काय होतं?"

ओदालिसनं त्याचं दुखरं कोपर आपल्या हातात घेतलं.

"बाळ म्हणायचे मी," ती म्हणाली. "नुसतं बाळ."